बॅग कुणी भरली

मी आप्पाराव, आमच्या जांभूळ उत्पादक सहकारी संस्थेचा चेअरमन. गळ्यात तुळशीची माळ आहे, वर्षातून चार वेळा नारायणगडावर दर्शनाला जातो, आणि माझ्या संस्थेत वाईन तयार होते. या तीन गोष्टी एका माणसाच्या ठिकाणी कशा बसतात, हे मला आजवर शंभर जणांनी तरी विचारलं असेल. शंभरांना मी एकच उत्तर दिलं. म्हटलं, कासार बांगड्या विकतो म्हणून स्वतःच्या हातात भरतो का? यावर लोक गप्प बसतात. लोक गप्प बसले की मला बरं वाटतं. हा माझा स्वभाव आहे, आणि पुढं जे झालं ते याच स्वभावापायी झालं.

आमचं गाव शिरूर कासारच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आहे. दसरा झाला की अर्धं गाव ट्रकात बसून ऊस तोडायला जातं. उरलेलं अर्धं पाण्याच्या टँकरची वाट बघतं. २०१८ साली तर टँकरसुद्धा दिवसाआड यायला लागला. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आणि वीस वर्षं चाललेली आमची दूध संस्था सहा महिन्यांत बंद पडली. शीतकेंद्राची इमारत आणि आतली स्टीलची टाकी तेवढी मागं राहिली. त्या उन्हाळ्यात गावात पिकली फक्त ओढ्याच्या काठची जांभळं. ओढा कोरडाठाक होता, पण झाडांची मुळं कुठवर गेली होती देव जाणे. फळ बोराएवढं, गर नावाला, पण गोडी अशी की पोरांची तोंडं दिवसभर निळी असायची.

अंजना तेव्हा परभणीहून अन्नशास्त्र शिकून नुकतीच गावी आली होती. ती मला म्हणाली, "काका, ती टाकी धुऊन द्या मला." टाकी धुतली. विद्यापीठाच्या लोकांच्या देखरेखीखाली पहिली वाईन झाली, परवाने झाले, दूध संस्थेची पाटी उतरली आणि आमची चढली. पुढं पावसाची चांगली वर्षं आली, जांभूळ टपोरं झालं, वाईन भरपूर झाली. पण अंजना म्हणायची, "दुष्काळाच्या सालातली चव न्हाई आली काका परत." त्या सालच्या दहा बाटल्या तिनं कोपऱ्यात जपून ठेवल्या होत्या.

आता दगडाबाई. ही अंजनाची आई. अठ्ठावीस हंगाम ऊसतोडीला गेलेली बाई. कोल्हापूर, कर्नाटक, जिथं कारखाना तिथं गेली. तोडीला जायचं म्हणजे अख्खा संसार ट्रकावर चढवायचा असतो. त्यात मडकी असतात, आरसा असतो, कंदिलाची काच असते, कोंबड्यासुद्धा असतात. रस्ते कसे असतात ते सांगायला नको. अठ्ठावीस हंगामांत दगडाबाईनं बांधलेल्या सामानातलं एक मडकं फुटलं नाही, एका काचेला तडा गेला नाही. नवी लग्न झालेली पोर पहिल्यांदा तोडीला निघाली की तिचा संसार दगडाबाईच बांधून देणार, हा गावचा रिवाज होता. ट्रकावाला निघताना विचारायचा, "माल कुणी बांधला?" दगडाबाईनं, असं उत्तर आलं की तो पुढचं काही न बघता गाडी चालू करायचा.

तिची एक पद्धत होती. सगळं बांधून झालं की पिठाच्या डब्यात मधोमध एक कच्चं अंडं ठेवायचं. मुक्कामाला उतरल्यावर आधी ते अंडं बघायचं. अंडं शाबूत असलं तर बाकीचं मोजायचीही गरज नाही. शेवटी गुडघे गेले तेव्हा ती तोडीला जायची थांबली आणि संस्थेत बाटल्या धुवायला लागली. पण दसऱ्यानंतर ट्रक लागले की तिला बोलावणं यायचंच.

गेल्या वर्षी दिल्लीला फळांच्या वाइनची मोठी स्पर्धा होती. अंजनानं अर्ज केला आणि आमची निवड झाली. एका वाणाच्या निदान चार बाटल्या पोचत्या कराव्यात असा नियम होता. अंजना म्हणाली, दुष्काळाच्या सालातल्याच पाठवू, सहा देऊ म्हणजे काळजी नको. ती स्वतः जाणार होती, पण तिचे दिवस भरत आलेले. मग कोण जाणार? चेअरमन. मी तर टोपीला कांजी करून तयारच होतो.

विमानात हातातल्या पिशवीत बाटली नेऊ देत नाहीत. ती खालच्या सामानातच द्यावी लागते, आणि त्या सामानाचं वजन पंधरा किलोच्या आत पाहिजे. दगडाबाईनं मला विचारलं, "इमानात बॅग कुटं ठेवतेत?"

"खाली, पोटात."

"फेकतेत का?"

"फेकतात म्हणे."

"मंग ट्रकासारखंच हाय की," ती म्हणाली आणि पदर खोचून कामाला लागली.

माझ्या जावयाची टणक कवचाची चाकांची बॅग आणली होती. दगडाबाईनं आधी एकेक बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं, म्हणजे एखादी गळाली तरी दुसरीवरचा नावाचा कागद भिजायला नको. मग जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांत मेंढीची लोकर भरून प्रत्येक बाटलीला अंगरखा शिवला. लोकर तिचा भाऊ म्हाळू याच्या मेंढरांची. बॅगेच्या तळाला लोकरीचा थर दिला, त्यावर तीन बाटल्या इकडं तोंड करून आणि तीन तिकडं. "बाटली बाटलीला भिडू द्यायची न्हाई, अन् कडंला टेकू द्यायची न्हाई," ती शिवता शिवता म्हणत होती. मधोमध जी जागा उरली तिथं लोकरीची एक जाड गुंडाळी बसवली. फटीफटीतून माझे सदरे आणि धोतरं गुंडाळून कोंबली. मग बॅग बंद करून तिला कान लावला आणि जोरजोरानं हलवली. आतून आवाज आला नाही.

मी गमतीनं म्हटलं, "अंडं नाही ठेवलं?"

"तुमच्या गळ्यात माळ हाय," ती म्हणाली. "माळकऱ्याच्या सामानात अंडं कसं ठिवू?"

इथवर सगळं नीट होतं. निघायच्या दिवशी पहाटे मी नारायणगडावर जाऊन आलो. कितीही तोंडानं म्हटलं की कासार बांगड्या भरत नाही, तरी मनात धाकधूक होतीच. माळकऱ्यानं वाईन घेऊन दिल्लीला जायचं म्हणजे देवाला काहीतरी सांगायला हवं. गडावरचा प्रसादाचा नारळ आणला. घरी कुणी बघत नाही असं पाहून बॅगेचं कुलूप काढलं, मधली लोकरीची गुंडाळी उपसून बाजूला टाकली, आणि त्या जागी नारळ बसवला, शेंडीसकट. मला वाटलं, सहा बाटल्यांच्या मधोमध देव बसला, आता कसली भीती?

चिकलठाण्याच्या विमानतळावर सामान घेणाऱ्या मुलीनं विचारलं, "बॅग तुम्ही स्वतः भरली का? कुणी काही ठेवायला दिलं नाही ना?"

"मीच भरली," मी छाती काढून म्हणालो. पाठीमागं रांगेत चार शहरी माणसं उभी होती. बाईनं भरून दिली, असं त्यांच्यासमोर सांगायला मला जड गेलं.

दिल्लीत पट्ट्यावरून बॅग आली ती एका कोपऱ्यातून जांभळी होऊन. उघडली. सहांपैकी चार बाटल्या फुटलेल्या, माझी धोतरं रंगलेली, काचेचा चुरा लोकरीत रुतलेला. नारळाला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. बॅग आपटली तसा तो लोखंडी गोळ्यासारखा आत फिरला असणार. उरलेल्या दोन बाटल्या स्पर्धेवाले घेईनात. तेवढ्यात अंजनाचा फोन आला, "काका, पोचल्या का नीट?"

मी म्हणालो, "चार फुटल्या गं. बांधणीत काहीतरी कसूर राहिली असंल."

एवढं एकच वाक्य बोललो मी. ते वाक्य माझ्याआधी गावात पोचलं.

मी परतलो तेव्हा पारापाशी ट्रक लागले होते. पोरी आपापलं सामान बांधत होत्या, आणि दगडाबाई शीतकेंद्राच्या पायरीवर बसून बघत होती. कुणी तिला बोलावलं नाही. एकीच्या हातून मडकं निसटून फुटलं तर दुसरी हसून म्हणाली, "दगडाबाईचं बांधणं झालं की गं हे!" दगडाबाईनं ऐकलं, उठली आणि आत जाऊन बाटल्या धुवायला लागली. मीही ऐकलं. मी घरी जाऊन जेवलो. बायकोनं, सुंदरबाईनं विचारलं, "अवं, तोंड कावून उतरलंय?" मी तिच्यावरच खेकसलो. त्या दिवसापासून गावात कुणाचा टेम्पो उलटला, कुणाची पिशवी फाटली, की "दगडाबाईचं बांधणं" हा शब्द ठरलेला. मला लाज वाटत होती. पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यात वर्षभराचं अंतर पडलं.

यंदा त्याच स्पर्धेचं पत्र पुन्हा आलं. यंदाही पाऊस रुसलेला, विहिरी तळाला गेलेल्या. दिल्लीहून परत आणलेल्या दोन धरून दुष्काळाच्या सालातल्या आता शेवटच्या सहा बाटल्या उरल्या होत्या. त्या फुटल्या तर ती चव संपली, पुन्हा कुणाला दाखवायलाही उरणार नव्हती. शीतकेंद्रासमोरच्या लिंबाखाली संस्थेची सभा भरली. गहिनीनाथ आमचा व्हाईस चेअरमन, माझा लंगोटीयार आणि माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेला. त्यानं उठून सांगितलं, "पुण्याला फोमचं खोकं मिळतं. बाटलीच्या मापाचे खड्डेच असतेत त्यात. ते मागवू. औंदा तरी दगडाबाईचं बांधणं नगं!"

लोक हसले. मीही मनात म्हटलं, बरं झालं. खोकं आलं की प्रश्न मिटला. कुणाला काही सांगायला नको, दगडाबाईला पुन्हा बांधायला लावायला नको. चिटणीस प्रोसिडिंगच्या वहीत ठराव लिहायला लागला होता.

तेवढ्यात बायकांतून दगडाबाई उठली. सभेत ती कधी बोलत नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "गहिनीनाथभाऊ म्हंतेत ते बराबर हाय. खोकंच मागवा. पर म्या वरीसभर हुडकलं, माझं कुटं चुकलं ते. रिकाम्या बाटल्यांत पानी भरलं, तसंच अंगरखं शिवलं, तशीच पेटी भरली अन् माळवदावरून खाली फेकली. अकरा डाव फेकली. एक बी फुटली न्हाई. मंग इमानात कावून फुटली, ते मला उमगंना. आता म्हातारी झाले. हातातली अक्कल गेली असंल. माझ्या हातानं पुन्यांदा फुटायला नगं."

आणि ती खाली बसली.

गुडघे गेलेली बाई जड पेटी घेऊन अकरा वेळा माळवदावर चढली होती. नसलेली चूक शोधत होती. चूक माझ्या घरात होती, देव्हाऱ्याशेजारी, त्या लोकरीच्या गुंडाळीच्या रूपानं. ती गुंडाळी टाकून द्यायचं धैर्यही मला झालं नव्हतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "ठराव थांबवा. आधी मी सांगतो ते प्रोसिडिंगला घ्या. लिहा. गेल्या वर्षी दगडाबाईंनी बांधलेली बॅग चेअरमननी निघायच्या दिवशी उघडली. आतली गुंडाळी काढली. तिथं नारळ ठेवला. त्या नारळानं बाटल्या फुटल्या. दगडाबाईंच्या बांधणीत कसूर नव्हती. चेअरमन वर्षभर गप्प बसले."

चिटणीसाचं पेन अर्ध्यावर थांबलं. मी म्हटलं, "लिही की!" लिंबाखाली साठ-सत्तर माणसं होती, पण एकाचा आवाज नव्हता. सभा गप्प बसलेली मला त्या दिवशी पहिल्यांदा सोसवली नाही.

दगडाबाई हळूच म्हणाली, "नारळ?"

"हो."

"मदी?"

"मधोमध."

"शेंडीसकट?"

"शेंडीसकट."

"म्हंजी माझं चुकलं न्हवतं," ती म्हणाली. माझ्याकडं बघून नाही, स्वतःशीच. मग एकदम उठली आणि तिचा आवाज चढला. "अकरा डाव फेकलं वो म्या! पोरी माझ्याकडं बघून हसायच्या. माझ्या भावाची सून तोडीला निघाली, तिनं बी बोलावलं न्हाई मला. तुमी चेअरमन. तुमाला कोन हसनार हाय?"

मी खाली बघत म्हणालो, "मी राजीनामा देतो."

"दे बे, आत्ताच दे," गहिनीनाथ म्हणाला. संधी सोडेल तर तो गहिनीनाथ कसला!

"राजीनाम्याचं काय करू म्या?" दगडाबाई त्याच्यावरही कडाडली. "राजीनामा गुंडाळून बाटल्या नेता येतेत व्हय? बॅग मी बांधनार. पर ह्या डावाला बॅगेसंगं मी बी जानार. किल्ली माझ्या कमरंला ऱ्हाईल. चेअरमननी निस्तं वझं उचलायचं."

अंजना मांडीवरच्या बाळाला थोपटत म्हणाली, "काका, सूचक म्हणून माझं नाव घ्या." अनुमोदक म्हणून निम्म्या बायकांनी हात वर केले. ठराव एकमतानं झाला. पुण्याच्या खोक्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

या वेळी दगडाबाईनं बॅग चारचौघांत भरली, शीतकेंद्राच्या ओट्यावर. गावातल्या पोरी भोवती गोळा झाल्या होत्या. ती एकेकीच्या हातात अंगरखा देऊन शिवायला लावत होती आणि चुकली की टाका उसवत होती. माझ्या देव्हाऱ्याशेजारची गुंडाळी मी आणून दिली. तिनं ती हातात धरून चाचपली, बाजूला ठेवली आणि मधोमध नवी गुंडाळी स्वतःच्या हातानं बसवली. मी गडावरून नारळ आणला होता, पण बॅगेच्या जवळपासही फिरकलो नाही. पायरीवरच फोडला आणि खोबरं वाटून टाकलं. भरून झाल्यावर ताणकाट्याला बॅग अडकवली. चौदा किलो सहाशे भरली. दगडाबाईनं कान लावून हलवली, पोरींनाही एकेक करून कान लावायला सांगितला.

आमची सुंदरबाई मला म्हणाली, "बघा, कान लावून बघा तुमी बी. अक्कल वाजते का आतून." मी मुकाट्यानं लावला.

चिकलठाण्याला तोच काउंटर होता, मुलगी दुसरी होती. दगडाबाई हिरवं लुगडं नेसून, किल्ली कमरेला खोचून पुढं उभी. मी मागं. बॅग मीच उचलून पट्ट्यावर ठेवली.

मुलीनं विचारलं, "आजी, बॅग कुणी भरली?"

"म्या भरली," दगडाबाई एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाली की शेजारच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "म्याच शिवली, म्याच बांधली. सहा बाटल्या हायेत. आमच्या गावची वाईन हाय. माझ्या लेकीनं केलीय."

मी संस्थेचे आणि उत्पादन शुल्क खात्याचे कागद पुढं केले. मुलीनं ते बघितले. मग विचारलं, "आणि आत नंतर कुणी काही ठेवलं नाही ना?"

दगडाबाईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला घाम फुटला. मी काही ठेवलं नव्हतं, तरी फुटला.

"येक अंडं हाय," ती म्हणाली. "म्याच ठेवलंय."

"अंडं? उकडलेलं?"

"कच्चं."

"अहो आजी, फुटेल ना ते!"

"बघू की," दगडाबाई म्हणाली. मुलगी हसली आणि बॅगेला नाजूक सामानाची लाल पट्टी चिकटवायला लागली. दगडाबाई तिला म्हणाली, "लावा, लावा. तुमची पट्टी वरून, माझी लोकर आतून."

विमानात ती खिडकीशी बसली होती. खाली डोंगर दिसत होते, वाळलेले, मधे कुठं एखादं शेततळं. ती एकदाच बोलली. "सालाबादला आमी ट्रकाच्या टपावरून बघायचो ह्ये डोंगर." मग दिल्ली येईपर्यंत ती डोळे मिटून पडली. मी तिच्या शेजारी बसून बोटांची नखं कुरतडत होतो.

दिल्लीत बॅग आली. कोपरे कोरडे होते. मी उघडा म्हणालो, ती नाही म्हणाली. "जिथं द्यायच्या तिथंच उगडायची." स्पर्धेच्या जागी मोठ्या टेबलामागं तीन साहेब आणि एक बाई बसली होती. शेजारी कुणाकुणाच्या बाटल्या आल्या होत्या, लाकडी खोक्यांतून, फोमच्या खोक्यांतून. दगडाबाईनं कमरेची किल्ली काढली. टाके दातानं तोडून एकेक अंगरखा उसवला आणि एकेक बाटली टेबलावर उभी केली. एक, दोन, तीन. मी बोटांवर मोजत होतो. चार, पाच, सहा. जांभळ्या रंगाची सहा बाटल्यांची ओळ उभी राहिली, आणि बाटल्यांवरच्या कागदाची शाईसुद्धा पसरली नव्हती. माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत, येऊ दिले.

टेबलामागची बाई लोकरीचा अंगरखा हातात घेऊन उलटसुलट बघत होती. तिनं हिंदीत विचारलं, हे पॅकिंग कुठून करून घेतलं? तीही बघत होती माझ्याकडंच, टोपीकडं. मी तोंड मिटून घेतलं आणि दगडाबाईकडं हात केला. दगडाबाईनं ऊसतोडीच्या अठ्ठावीस हंगामांची हिंदी बाहेर काढली. "घर में बांध्या. मैंने बांध्या."

मग तिनं मधल्या लोकरीत हात घातला आणि अंडं बाहेर काढलं. उजेडासमोर धरून फिरवलं. कुठं तडा नव्हता. साहेब लोक टाळ्या वाजवायला लागले. तिला त्या टाळ्यांचं काही नव्हतं. तिनं ते अंडं माझ्यापुढं धरलं.

"धरा, चेअरमन. गेल्या डावाला तुमच्या माळंपायी ठेवलं न्हवतं. आता गावापातूर तुमी सांभाळा."

चाळीस वर्षांत मी अंड्याला शिवलो नव्हतो. मी दोन्ही हातांची ओंजळ केली.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. आमच्या वाइनला रुपेरी पदक मिळालं. मी अंजनाला फोन करून सांगितलं, तर ती पलीकडून नुसती रडत होती आणि बाळही रडत होतं. पदक दगडाबाईच्या पिशवीत होतं. अंडं माझ्या टोपीत, आणि टोपी हातात. परतीच्या तपासणीला शिपायानं टोपी यंत्रातून घातली, अंड्याचं चित्र बघितलं, माझ्या माळेकडं बघितलं, आणि काही न विचारता जाऊ दिलं. रात्री मुक्कामाला ते मी उशाशी घेऊन झोपलो. झोपलो म्हणजे पडून राहिलो.

गावात उतरलो तेव्हा पारापाशी ट्रक लागलेले. पदकाची बातमी पुढं गेली होतीच, हलगी वाजत होती. सुंदरबाई ओवाळायला ताट घेऊन आली आणि थबकली. "अवं, टोपी हातात कावून? अन् ह्ये काय? अंडं? माळ विसरलात का काय?"

"माळेनंच आणवलंय," मी म्हणालो.

तेवढ्यात ट्रकाजवळून एक हाक आली. म्हाळूची सून होती ती, गेल्या वर्षी दगडाबाईला न बोलावणारी. हातात कंदिलाची काच धरून उभी होती. "आत्याबाई, येता का जरा? तुमची वाट बघत थांबलेय. कुनालाच हात लावू दिला न्हाई."

दगडाबाईनं हातातली पिशवी अंजनाकडं दिली, पदर खोचला आणि गुडघ्यावर हात देत ट्रकाकडं निघाली. पदक तिनं कुणाला दाखवलंही नाही. तासभर तिथं उभं राहून तिनं त्या पोरीचा संसार बांधला. मी वझं उचलून देत होतो. गहिनीनाथही देत होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी ती वरून म्हणाली, "पिठाचा डबा द्या. अन् चेअरमन, अंडं."

मी टोपीतलं अंडं काढून तिच्या हातात ठेवलं. दिल्लीला जाऊन आलेलं अंडं तिनं पिठात मधोमध दाबलं आणि झाकण लावलं.

ट्रकावाला नवीन होता, पाटोद्याकडचा. त्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "माल कुणी बांधला वो?"

"दगडाबाईंनी!" मी ओरडून सांगितलं.

त्यानं गाडी चालू केली.